हलकी पेटी आणि खर्जाचा नाद

आमच्या घरांत तंबोरा तीन पिढ्या नांदत आहे. ओटीवरच्या कोनाड्याशेजारीं खोळ घालून तो उभा असतो व एकादशीच्या भजनाला बाहेर निघतो. त्याच ओटीवर गेल्या पांच-सहा वर्षांपासून त्याला एक विलायती शेजारी मिळाला आहे. आमच्या थोरल्या बंधूंचा धाकटा चिरंजीव पुण्यास शिकावयास गेला आणि परत येतांना पदवीबरोबर बेस गिटार नांवाचें चार तारांचें, लांब मानेचें वाद्य घेऊन आला. सध्यां तो कोल्हापुरास नोकरी करतो व सुटीच्या दिवशीं एका वाद्यवृंदांत भावगीतांना आणि नाट्यगीतांना साथ करतो. त्या वाद्यावरून आमच्याकडे प्रथम जी कुरकुर झाली, ती येथें सांगत बसत नाहीं.

पण हें वाद्य एकटें येत नाहीं. तें विजेचें असल्यामुळें त्याला स्वतःचा आवाज जवळजवळ नाहीं. त्याचा आवाज मोठा करणारें यंत्र, म्हणजे अँप्लिफायर, आणि तो आवाज बाहेर टाकणारी स्पीकरची पेटी अशीं दोन भावंडें त्याच्यामागून येतात. यांतील यंत्र आतां दोन-तीन किलोंचें मिळतें. तें पिशवींत घालून मोटारसायकलीवर नेतां येतें. पेटीची गोष्ट निराळी. चिरंजीवानें प्रथम घेतलेली पेटी किराणा दुकानच्या काट्यावर चौतीस किलो भरली. आमच्या वाड्याचा जिना जुन्या पद्धतीचा, अरुंद व उभा. मलकापुरांत ज्यांनीं असे जिने पाहिले आहेत त्यांस अधिक सांगणें नको. कार्यक्रम रत्नागिरीकडे असो कीं सांगलीकडे, पेटी जिन्यानें खालीं, एस्‌टीच्या टपावर किंवा जीपमध्यें, आणि अपरात्रीं पुन्हां जिन्यानें वर. दोन वर्षांत व्हावयाचें तें झालें. गेल्या श्रावणांत पोराची कंबर धरली ती तीन आठवडे सुटली नाहीं. डॉक्टरांनीं पंधरा किलोंवर वजन उचलावयाचें नाहीं, अशी स्पष्ट मनाई केली. म्हणजे आतां एक तर पेटी बदलावयाची, नाहीं तर वाद्य खुंटीला टांगावयाचें. तो कांहीं बोलला नाहीं. पण तीन आठवडे खोळ न काढलेलें तें वाद्य पाहून वहिनींना राहवेना. त्यांनीं आपल्या शिलकेंतून चाळीस हजार रुपये काढले व आम्हांस म्हणाल्या, "भाऊजी, पैसे मी देतें. पण या खेपेस फसायचें नाहीं. तुम्ही त्याच्याबरोबर जा." चाळीस वर्षें व्याकरण शिकविलेल्या मनुष्यास स्पीकर निवडावयास पाठविणें म्हणजे वैद्याला घोडा पारखावयास सांगण्यासारखेंच होतें. तथापि वहिनींची आज्ञा मोडण्याची आमच्या घरीं चाल नाहीं. पुढील तीन महिन्यांत आम्ही जें वाचलें, ऐकलें व ज्यांत चुकलों तें येथें देत आहों. अशा वाद्यांचीं पोरें आतां पुष्कळ घरांत आहेत.

प्रथम नादाचें स्वरूप पाहिलें पाहिजे. तेराव्या शतकांत देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानें संगीतरत्नाकरांत मंद्र नादाचें स्थान हृदयांत, मध्याचें कंठांत आणि ताराचें मस्तकांत सांगितलें असून प्रत्येक स्थान आधींच्या दुप्पट उंच मानलें आहे. हें दुप्पटीचें गणित आजच्या कंपनांच्या मापाशीं तंतोतंत जुळतें. काळी एक या पट्टींत गाणाऱ्या पुरुषाच्या तंबोऱ्याची खर्जाची तार सेकंदाला सुमारें ६९ कंपनें करते. बेस गिटारची सर्वांत जाड तार सुमारें ४१ कंपनें करते, आणि पांच तारांचें वाद्य असल्यास पांचवी तार ३१ पर्यंत खालीं उतरते. म्हणजे आपल्या खर्जाच्याही खालीं बरेंच अंतर हें वाद्य वावरतें. ४१ कंपनांच्या नादाची एकेक लाट हवेंत सुमारें आठ मीटर, म्हणजे सत्तावीस फूट लांब असते. आमची ओटीदेखील तेवढी लांब नाहीं.

एवढी लाट उठविण्यास हवा पुष्कळ हलवावी लागते. स्पीकरचा कागद मागें-पुढें होतो व हवा ढकलतो. नाद एका सप्तकानें खालीं नेला आणि आवाज तेवढाच ठेवावयाचा असला, तर कागदाला चौपट अंतर हलावें लागतें. दुप्पट नव्हे, चौपट. खर्जाला मोठा कागद व मोठी पेटी लागते ती या कारणानें. बारा इंची स्पीकरच्या कागदाचें क्षेत्रफळ सुमारें ५३० चौरस सेंटिमीटर भरतें, दहा इंचीचें ३५०, पंधरा इंचीचें ८५० च्या आसपास. दहा इंची दोन घेतले कीं एका बारा इंचीला मागें टाकतात, हें कोष्टक दुकानांत जाण्यापूर्वीं लक्षांत असलेलें बरें.

या वाद्याच्या इतिहासांत एक मौज आहे. अमेरिकेंत लिओ फेंडर यानें १९५१ सालीं हें वाद्य बाजारांत आणलें तें मुळीं ओझें कमी व्हावें म्हणून. तोंपर्यंत वादक माणसाहून उंच असा लांकडी डबल बेस घेऊन हिंडत, आणि तो मोठ्या वृंदांत ऐकूंही येत नसे. फेंडरनें वाद्य खांद्यावर अडकविण्याजोगें केलें. पण ओझें नाहींसें झालें नाहीं, तें वाद्यांतून पेटींत गेलें. १९६९ सालीं अँपेग या कंपनीनें ३०० वॅटचें यंत्र आणि दहा इंची आठ स्पीकरांची पेटी काढली. त्या जातीची पेटी आजही साठ किलोंच्या वर भरते. मोठमोठ्या रंगमंचांवर ती कपाटासारखी उभी असते व तिला हलविण्यास दोन गडी लागतात. आमच्याकडच्या तरुणांच्या मनांत 'जड तेवढा आवाज भारी' ही जी समजूत घर करून बसली आहे तिचें मूळ अशा कपाटांत असावें. ज्या दुकानदारानें पहिली चौतीस किलोंची पेटी दिली त्यानेंही हेंच वाक्य ऐकविलें होतें.

मग हलकी पेटी करतां येत नाहीं कीं काय? येते, पण फुकट नव्हे. १९५४ सालीं अमेरिकेंत एडगर विल्चर व हेन्री क्लॉस यांनीं अकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढली. क्लॉसचा पुढील भागीदार हॉफमन याच्या नांवानें एक नियम या विद्येंत प्रसिद्ध आहे. लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या विजेंत मोठा आवाज, या तीन गोष्टींपैकीं दोन मागा. तिसरी मिळावयाची नाहीं. कोणी दुकानदार तिन्ही देऊं लागला तर तो कोठें तरी शब्दांत लबाडी करीत आहे असें खुशाल समजावें. मात्र या नियमांत वजनाचा उल्लेख नाहीं, ही गोष्ट आमच्या ध्यानांत फार उशिरां आली. पेटी लहान असणें व पेटी हलकी असणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. मोठी पेटीही हलकी असूं शकते.

वजन असतें कोठें, तें आम्हीं पाटी-पेन्सिल घेऊन मांडून पाहिलें. साठ, पंचेचाळीस व चाळीस सेंटिमीटर अशा मापाची पेटी धरली तर तिच्या सहा बाजूंचें क्षेत्रफळ सुमारें १.३८ चौरस मीटर होतें. अठरा मिलिमीटर जाडीच्या एम्‌डीएफ पत्र्याचें वजन दर चौरस मीटरला साडेतेरा किलोंच्या आसपास असतें. म्हणजे नुसतें खोकें साडेअठरा किलोंचें. त्यांत साध्या फेराइट लोहचुंबकाचा बारा इंची स्पीकर सुमारें आठ किलोंचा. बेरीज साडेसव्वीस. आतां तेंच खोकें बारा मिलिमीटरच्या हलक्या प्लायवुडचें केलें तर तें नऊ किलोंत बसतें, आणि निओडिमियम लोहचुंबकाचा स्पीकर साडेतीन किलोंचा मिळतो. बेरीज साडेबारा. आंतील हवा तेवढीच, कागद तेवढाच, आणि चौदा किलो कोठल्या कोठें गेले!

निओडिमियमचें हें लोहचुंबक १९८० नंतरच्या आरंभींच्या वर्षांत जपानच्या सुमितोमोनें आणि अमेरिकेच्या जनरल मोटर्सनें स्वतंत्रपणें शोधून काढलें. थोड्या वजनांत त्याची ओढ विलक्षण असते. त्याचे दोन दोषही सांगतों. एक, तें अतिशय तापलें तर त्याचें बळ कमी होतें. म्हणून स्पीकरच्या पाठीला हवा खेळेल अशी घडण पाहावी. दुसरा, त्याला गंज लवकर चढतो, यास्तव त्यावर निकेलचा मुलामा देतात. आंबा घाटाच्या अलीकडे राहणाऱ्यांनीं हा मुलामा खरवडलेला नाहीं ना, हें डोळ्यांनीं पाहून घ्यावें.

लांकडाच्या बाबतींत मात्र आमच्या तंबोऱ्यानें आम्हांस काहीं दिवस चकविलें. मिरजेस तंबोरे व सतारी करणाऱ्या घराण्यांचा धंदा एकोणिसाव्या शतकापासून चालत आला आहे. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या हातीं संस्थानी शस्त्रांचें काम कमी झालें तेव्हां तीं मंडळी वाद्यांकडे वळली. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालें. तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो. त्याची साल पातळ, वजन कांहींच नाहीं, आणि नाद असा कीं गाणाऱ्याच्या पाठीचा कणा ताठ व्हावा. तेव्हां पातळ व हलकें तेंच नादाला चांगलें, असा सिद्धांत आम्हीं काढला व चिरंजीवास मोठ्या ऐटीनें ऐकविला. तो हंसून म्हणाला, "काका, तंबोऱ्याचा भोपळा स्वतः गातो. पेटीनें गायचें नसतें." विचार करतां त्याचेंच म्हणणें खरें ठरलें. भोपळा हा वाद्याचा कंठ आहे. तो थरथरतो म्हणूनच तंबोरा बोलतो. पेटी ही केवळ निरोप्याप्रमाणें आहे. आंत जो स्वर गेला तोच बाहेर यावा, पेटीनें पदरचें कांहीं घालूं नये, हीच तिची यथार्थता. पातळ फळी थरथरली तर ती प्रत्येक स्वरांत आपली एक घोगरी पुस्ती जोडते.

येथें पुन्हां गणित येतें. फळीचा ताठपणा तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणांत असतो. बारा व अठरा यांचें प्रमाण दोनास तीन. त्यांचे घन आठ व सत्तावीस. म्हणजे बारा मिलिमीटरची फळी अठराच्या फळीच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी ताठ. ही उणीव जाडीनें नव्हे, तर आंतील आडव्या-उभ्या पट्ट्यांनीं भरून काढावयाची असते. सूप विणतांना बुरूड काठाला कामटी बांधतो, तसाच हा प्रकार. चांगल्या हलक्या पेटीच्या पोटांत डोकावलें कीं पट्ट्यांची जाळी दिसते. वाईट हलक्या पेटींत नुसती पोकळी. पारख सोपी आहे. कुंभारवाड्यांत मडकें घेतांना बायका टिचकी मारून पाहतात व खणखणलें तर घेतात. येथें नेमकें उलट. बोटाच्या पेरानें मधोमध ठोकावें, आणि 'ठक्' असा मेला आवाज आला तरच पेटी घ्यावी.

आतां दुकानांतील अनुभव. पहिल्या दिवशीं कोल्हापुरांतील एका दुकानांत आम्हीं तीन पेट्या ऐकल्या, व त्यांतील एक आम्हां दोघांनाही एकदम पसंत पडली. पैसे मोजावयाचे तेवढे राहिले होते. सुदैवानें चिरंजीवास शंका आली आणि त्यानें पेट्यांच्या जागा बदलावयास लावल्या. पाहतों तों पसंतीची पेटी भिंतींच्या कोपऱ्यांत होती म्हणून ती गंभीर वाटत होती! कोपरा खर्जाला फुगवतो. दुसऱ्या पेटीला कोपऱ्यांत बसवतांच तीही तशीच गरजूं लागली. शिवाय पहिलीचा आवाज बाकीच्यांहून किंचित् मोठा ठेवलेला होता. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेच्या फ्लेचर व मन्सन यांनीं १९३३ सालीं दाखवून दिलें आहे कीं बारीक आवाजांत आपला कान खर्ज फारच कमी ऐकतो व आवाज वाढवितांच तो उजळतो. तेव्हां मोठ्यानें वाजणारी पेटी नेहमींच भरदार वाटणार. त्या दिवसापासून आम्हीं नियम केला: वाद्य घरचें न्यावयाचें, सर्व पेट्यांवर एकच गत वाजवावयाची, आवाज सारखा करून घ्यावयाचा, पेट्या भिंतीपासून दूर एकाच जागीं आळीपाळीनें ठेवावयाच्या, आणि समोर बसून नव्हे, वीस पावलांवरून व बाजूनें ऐकावयाचें, कारण श्रोते बाजूलाही बसतात.

छापील कागदावर विसंबूं नये, पण तो वाचूंही नये असें नाहीं. '४० हर्ट्झपासून' असें लिहिलेलें असलें तर ४० वर आवाज किती डेसिबलनें खालीं आलेला आहे, हें विचारावें. तीन डेसिबलनें असेल तर ती पेटी ४० खरोखर वाजवते. दहानें असेल तर ती केवळ नांवाला वाजवते. आमच्या प्रश्नाचें उत्तर दोन दुकानांत मिळालें नाहीं. वॅटच्या आंकड्यापेक्षां एका वॅटला एक मीटरवर किती डेसिबल, हा आंकडा महत्त्वाचा. ९४ ऐवजीं ९७ असेल तर निम्म्या विजेंत तेवढाच आवाज येतो. पेटी आठ ओहमची घ्यावी, म्हणजे पुढें तशीच दुसरी जोडली तरी दोन्ही मिळून चार ओहम होतात, आणि बहुतेक लहान यंत्रांना तेवढें झेपतें.

तथापि ४१ कंपनें पूर्ण जोरानें आलींच पाहिजेत असा हट्ट धरण्याचें कारण नाहीं. तंबोऱ्याच्या खर्जांतून स्वयंभू गांधार ऐकूं येतो हें आपल्याकडे घरोघर माहीत आहे. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं १९२१ सालीं तंबोरा व वीणा यांच्या घोडीमुळें हे वरचे अंशस्वर कसे बळावतात तें विशद केलें. कानाचा धर्म असा आहे कीं मूळ स्वर दुर्बळ असला तरी वरचे अंशस्वर नीट ऐकूं आल्यास तो मूळ स्वर मनांतल्या मनांत पुरा करून घेतो. म्हणून भावगीताच्या साथीला खोलीपेक्षां स्वच्छपणा अधिक उपयोगी. ज्या पेटीवर प्रत्येक स्वर सुटा ऐकूं येतो ती घ्यावी. जिच्यावर सगळे खालचे स्वर एकाच 'भुम्'मध्यें बुडतात ती सोडावी.

एवढें शहाणपण पदरीं पडल्यावर कळलें कीं आम्हांस पसंत पडणाऱ्या परदेशी हलक्या पेट्या वहिनींच्या चाळीस हजारांत येत नाहींत. चिरंजीव दोन दिवस गप्प होता. मग त्यानेंच तोड काढली. बारा इंची निओडिमियम स्पीकर तेवढा विकत घ्यावयाचा आणि पेटी मलकापुरांत सुताराकडून करून घ्यावयाची. पूर्वीं हें धाडसाचें काम होतें, कारण पेटीचें माप अंदाजानें ठरे. १९६१ सालीं ऑस्ट्रेलियांत नेव्हिल थील यानें, व पुढील दशकांत रिचर्ड स्मॉल यानें, स्पीकरच्या मोजलेल्या गुणांवरून पेटीचें माप गणितानें काढण्याची रीत बसविली. आतां स्पीकरबरोबरच्या कागदावर हे गुण छापलेले असतात, आणि बहुधा योग्य पेटीचें आकारमानही.

पेटीला समोर एक नळी ठेवतात. बेल प्रयोगशाळेच्या थुरास याला १९३२ सालीं या युक्तीचें पेटंट मिळालें. रिकाम्या घागरीच्या तोंडावर फुंकर मारली म्हणजे ती एका ठराविक स्वरांत घुमते; नळी व पोटांतील हवा मिळून तशीच घागर होते, आणि स्पीकर जेथें थकूं लागतो तेथें ती त्याला हात देते. मात्र त्या स्वराच्या खालीं ती साथ सोडते व स्पीकरचा कागद मोकाट हलूं लागतो. पांच तारांचें वाद्य असणाऱ्यांनीं हें विसरूं नये.

फळीचा प्रश्न मलकापूरच्या पावसानें सोडविला. जुनी पेटी एम्‌डीएफची होती. दोन पावसाळ्यांत तिच्या खालच्या कडा भिजलेल्या पापडासारख्या फुगल्या. उत्तरेंत यमुनानगरकडे पॉपलरच्या हलक्या लांकडाचें प्लायवुड तयार होतें. त्यांतील पाण्यास टिकणाऱ्या सरसाचें, बी. डब्ल्यू. आर. या प्रतीचें मागवावें, नुसत्या एम्. आर. प्रतीवर आमच्याकडे भरंवसा ठेवूं नये. जाड लांकडाचें जहाजी प्लायवुड याहून टिकाऊ, पण तें घेतलें तर वजनाचा सारा खटाटोप व्यर्थ.

सुतारानें आठ दिवसांत पेटी उभी केली. देव्हारे करणारा हात, तेव्हां सांधे असे कीं कागद शिरूं नये. पहिल्या दिवशीं मात्र खालच्या प्रत्येक स्वराबरोबर 'फुस्' असा आवाज येई. नळीचा दोष समजून आम्ही दोघे दोन रात्री डोकें खाजवीत बसलों. शेवटीं वहिनींनीं उदबत्ती पेटवून स्पीकरच्या कडेभोंवतीं फिरविली. एका जागीं धूर हालला. तेथें फोमची पट्टी नीट बसली नव्हती. ती बदलतांच पेटी मुकी झाली, म्हणजे जशी हवी तशी. पट्ट्या, कडी, जाळी व रंग धरून ती त्याच किराणा दुकानच्या काट्यावर साडेचौदा किलो भरली. डॉक्टरांच्या मर्यादेंत अर्धा किलो शिल्लक राहिला.

कार्तिकी एकादशीच्या भजनांत चिरंजीवानें ती ओटीवर ठेवून, तंबोऱ्याच्या षड्जाशीं वाद्य मिळवून, अगदीं मंद साथ केली. वृद्ध मंडळींपैकीं एकानें भजन संपल्यावर विचारलें, "आज मृदंग कोण वाजवीत होतें?" मृदंग नव्हताच.

एक गोष्ट राहिली. आमच्या जिल्ह्यांत मिरवणुकींतील स्पीकरांच्या भिंतीला 'डॉल्बी' म्हणतात. वास्तविक रे डॉल्बी या गृहस्थानें १९६५ सालीं कंपनी काढून नांव मिळविलें तें ध्वनिमुद्रणांतील खरखर कमी करण्याच्या युक्तीबद्दल. त्याच्या नांवाची येथें जी संभावना झाली तिला तोड नाहीं. निवासी वस्तींत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबलची मर्यादा २००० सालच्या नियमांत घातलेली असून रात्रीं दहानंतर ध्वनिक्षेपकास बंदी आहे. त्या भिंतींपुढें उभें राहिलें कीं हे आंकडे कोणत्या देशाचे असें वाटतें. आमची जुनी चौतीस किलोंची पेटी अशाच एका मंडळानें विकत घेतली. त्यांनीं ती वाजवून पाहिली नाहीं. दोघांनीं मिळून उचलून पाहिली, वजन विचारलें, आणि फुगलेल्या कडांकडे न पाहतां सांगितली ती किंमत दिली.